दुसरी फेरी

‘चालते’ हा शब्द काकांसमोर उच्चारायची सोय नव्हती. आपण आपलं सहज बोलून जायचो, “काका, राहू द्या आता, एवढं चालते,” की ते हातातला पाना खाली ठेवायचे. आपटायचे नाहीत, हळूच पिशवीवर ठेवायचे. मग डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून पुन्हा नीट बांधायचे आणि विचारायचे, “चालून राह्यलं, ते मलेही दिसते. टिकते का, ते सांग.” आता याच्यावर माणूस काय बोलणार, कप्पाळ?  मग ते काम पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि इकडे माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागायचा, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला मी अकराची वेळ दिलेली असायची.

आमचं ऑफिस आर्वीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी आणि फोन, मागच्या खोलीत तारांची बंडलं. खेड्यांत बिनतारी इंटरनेट पोचवायचं, हा धंदा. टेकडीवर आमचा उंच टॉवर होता. गावात ज्याला जोडणी पाहिजे त्याच्या छतावर एक खांब उभा करायचा, खांबावर टॉवरकडे तोंड करून अँटेना, तिच्या पाठीशी रेडिओची पेटी, आणि पेटीतून खाली घरात उतरणारी काळी तार. “नावाले बिनतारी,” काका म्हणायचे, “अन् सगळं दुखणं तारेचं.” मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. माणूस चांगला, पण घाई फार. मी लागले तेव्हा बी.कॉम. होऊन तीन महिने झाले होते. कोणाची तक्रार आली, कोणी कुठे जायचं, कोणत्या कामाची चिठ्ठी कोणाला द्यायची, हे सगळं माझ्याकडे. मी फार हुशार होते त्या वेळी. तेवीस वर्षांची होते, दुसरं काही नाही.

काका साठीला आलेले. बुटके, काटक, मे महिन्यातसुद्धा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. पूर्वी त्यांनी टीव्हीच्या अँटेना बसवल्या होत्या. ते वर अँटेना फिरवायचे आणि खाली अख्खं घर ‘आलं, आलं, गेलं’ करायचं, तो काळ. मग डिशच्या छत्र्या आल्या, मग आमचे रेडिओ. तालुक्यातलं बहुतेक प्रत्येक छत त्यांच्या पायाखालून गेलेलं. कोणाच्या गच्चीवर लोणच्याची बरणी कुठे ठेवतात, कोण कोणाला चोरून भेटतं, सगळं ठाऊक. पण मी कितीही खोदून विचारलं तरी एक अक्षर नाही. “वर गेलेल्या माणसानं वरचं पाह्यलेलं खाली आणू नाई,” एवढंच म्हणायचे, आणि मला भारी राग यायचा.

तार निवडतानाची त्यांची तऱ्हा पाहून नवख्याला वाटावं, हा माणूस मुलीच्या लग्नाचा शालू घ्यायला आलाय. टोक चाकूने सोलायचे, आतली बारीक तार खरवडून उजेडात धरायचे. लाल ती लालच निघाली तर ठीक. खरवडल्यावर आतून पांढरी निघाली की बंडल आल्या गाडीने परत. “वरून तांबं, आतून अल्युमिनम. मुलाम्याचा दागिना लग्नात खपून जाते, छतावर उघडा पडते.” मग वरचं काळं कवच वाकवून पाहायचे, उन्हात ठेवून पाहायचे. हे सगळं झालं की शेवटचा विधी. अख्खी तार डाव्या मुठीतून ओढून काढायचे, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती वीस मीटर असो की नव्वद. कुठे चीर, कुठे चिमटा, कुठे उंदराचा दात, सगळं मुठीला कळायचं. एकदा असेच मध्येच थांबले आणि म्हणाले, “इथं कोणीतरी पाय देला.” आम्ही हसलो. तिथे सोलून पाहिलं तर आतली तार खरंच दुमडलेली होती. “डोळ्यावर जाऊ नका,” म्हणाले. “डोळा घाईत असते. हाताले घाई नसते.”

आणि त्यांचा एक कायदा होता. उघड्यावर सांधा नाई. तार कमी पडली म्हणून दुसरा तुकडा जोडला, वर टेप गुंडाळली, हे बाकी सगळे करतात. काका मेले तरी करणार नाहीत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद पाघळून पाकासारखा होतो, आणि मग पावसाळ्यात पाणी शिरतं. “पाणी आळशी असते. त्याले खाली जायची वाट द्या, ते तुमच्या घरात येत नाई. पण एकदा तारेत घुसलं, का बिनबोलावल्या पाहुण्यासारखं पार आतल्या खोलीत जाऊन बसते.” म्हणून भिंतीच्या भोकात शिरण्याआधी प्रत्येक तारेला ते भोकाच्या खाली एक झोळ द्यायचे, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील. आणि सगळं बसवून झालं की घरमालकिणीला म्हणायचे, “बाई, एक बादली पाणी आणा.” बाईला वाटायचं हात धुवायला. ते बादली घेऊन वर जायचे आणि नव्याकोऱ्या पेटीवर, तारेवर, अँटेनावर भसकन ओतायचे. कितीतरी बायांच्या किंकाळ्या मी फोनवर ऐकल्या आहेत.

पण सगळ्यांत गाजला तो त्यांचा दुसरा खांब. आमच्या भागात वानरं फार. वानराला गावातली सगळ्यांत उंच जागा बसायला लागते, आणि आमची अँटेना म्हणजे त्याला खुर्चीच. बाकीच्या कंपन्यांचे लोक काटेरी तार लावायचे, फटाके फोडायला सांगायचे. काका दुसरा खांब उभा करायचे. अँटेनाच्या खांबापेक्षा हातभर उंच, जाड, वर आडवी पट्टी ठोकलेला. भाऊंनी एकदा विचारलंच, “काका, हा कशाचा?”

“वांदराचा.”

“वानरासाठी खांब?”

“मंग? त्याले उंच बसाचं आहे. आपण त्याच्याहून उंच खुर्ची देली तं ते आपल्या खुर्चीवर कायले येईन? भांडून काय फायदा, भाऊ. त्याले दुसरं काम आहे का?”

भाऊ ऑफिसात येऊन मला म्हणाले, या माणसाला डोकं आहे की नाही तेच कळत नाही. त्या पावसाळ्यात सगळ्या कंपन्यांच्या अँटेना वाकल्या, आमच्या काकांनी बसवलेल्यांपैकी एकही नाही. आजही त्या गावांतून जाताना मी मान वर करून पाहते. अँटेना आपली टॉवरकडे तोंड करून उभी, आणि शेजारच्या पट्टीवर लांब शेपटी सोडून वानर बसलेलं.

आणखी एक. उन्हाळ्यात नागपूरहून एक इंजिनिअर यायचा, कोणत्या गावातून टेकडीवरचा टॉवर दिसतो ते पाहायला. दुर्बिणीतून पाहायचा, दिसला की खूण करायचा. काका त्याच्याबरोबर जायचे आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत बसायचे, “या सागाले पानं किती येतेत हो? शेंड्यापर्यंत येतेत का?” इंजिनिअर हसायचा. चैत्रात आमचा साग म्हणजे नुसत्या काड्या, आरपार दिसतं. श्रावणात त्याचं एकेक पान सुपाएवढं. त्या पानांतून रेडिओच्या लहरी जातील कशा? त्या इंजिनिअरने चैत्रात पास केलेली चार ठिकाणं श्रावणात बंद पडली. काकांची पडली नाहीत, कारण ते उघड्या झाडाकडे पाहून पानं धरायचे. त्या पोराने पुढे काकांना फोन करून विचारायला सुरुवात केली, हे त्याच्याही मोठेपणाचंच म्हणायचं.

आता एवढ्या सगळ्याचा हिशेब काकांजवळ एका लांबट रजिस्टरात होता. एक जागा, एक पान. गाव, खांबाची उंची, तार किती मीटर, सांधा, आणि सगळ्यात खाली ‘दुसरी फेरी’. तारेच्या दोषापायी पुन्हा जावं लागलं तर तिथे लिहायचं. मी ते रजिस्टर चाळलं होतं. पानामागून पान, ‘दुसरी फेरी’च्या पुढे नुसती आडवी रेघ. दुसऱ्या फिटरने केलेलं काम असलं तर काका आधी तिथे जाऊन तार मुठीतून काढून यायचे, मगच पान लिहायचे. मला तो शुद्ध चोंबडेपणा वाटायचा.

आता माझं. हे सांगायचं म्हणूनच लिहायला बसले, इतका वेळ उगीच लांबण लावत होते.

टेकडीपलीकडच्या एका गावात एका ताईंचं ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविमा. मोबाइलवर तिथे बोलणं तेवढं व्हायचं, नेट चालायचं नाही, म्हणून त्यांनी आमची जोडणी मागितली. दुकान पत्र्याचं, ठेंगणं, मागे सागाची दाट रांग. म्हणून काकांनी गावच्या पाण्याच्या टाकीवर जागा धरली, दोन्ही खांब उभे केले. तार टाकीवरून खाली उतरून प्लास्टिकच्या पाइपातून दुकानापर्यंत न्यायची होती, साठ मीटर. तेवढ्यात काकांच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि ते आठ दिवस सिंदीला गेले. जाताना बजावून गेले, “अखंड बंडल येऊ दे, मी आल्यावर करतो.”

बंडल नागपूरहून यायला अजून चार दिवस होते. ताईंचा रोज फोन. “बाई, माह्या दुकानातून लोक वापस चालले. एक डाव दुसऱ्या गावच्या दुकानाची पायवाट पडली का ते इकडं येत नसतेत.” भाऊ म्हणाले, काय ते आजच्या आज उरकून टाक. मागच्या खोलीत एक पस्तीस मीटरचा तुकडा होता, एक तिसाचा. मी दोघा फिटरना बोलावलं आणि सांगितलं, जोडा. चांगली टेप लावा, आणि सांधा पाइपाच्या आत ढकला, म्हणजे पाऊस लागणार नाही. तोंडाने मी पाऊस म्हणाले. मनात होतं, म्हणजे दिसणार नाही.

संध्याकाळी ताईंचं दुकान चालू. भाऊंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी हवेत.

काका आले. त्यांनी कामाची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीत काम झाल्यावर भरायची एक ओळ असते, तार एकच की सांधा. मी आधीच लिहून ठेवलं होतं, ‘एकच तार, सांधा नाही.’ खरं लिहिलं असतं तर त्यांनी आरडाओरडा केला नसता, जाऊन सगळी तार उतरवली असती. ताईंचं दुकान पुन्हा बंद, आणि माझं कौतुक पाण्यात. काका म्हणाले, शनिवारी जाऊन हात फिरवून येतो. मग चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे तुह्या हातचं अक्षर होय ना?”

“हो काका.”

“मंग कायले जाऊ? तू लिहिलं म्हणजे एकच आहे.”

आणि त्यांनी रजिस्टर उघडून पान लिहिलं. तार, साठ मीटर. सांधा, रेघ. माझ्या समोर, माझ्या टेबलावर. बोलायची वेळ ती होती. मी चहा सांगायला उठले.

पुढे पावसाळ्यात झड लागली. तीन दिवस सूर्य नाही. पीकविम्याच्या अर्जाची मुदत उद्यावर आलेली आणि सकाळी साडेआठला ताईंचा फोन. लाइन येते अन् जाते, येते अन् जाते. “बाई, दुकानात पाय ठेवाले जागा नाई. लोक सातबारे पोटाशी धरून बसले. आज नाई भरलं तं त्यायचं वर्षाचं गेलं, अन् मले गावात तोंड दाखवाले जागा राह्यणार नाई.”

काका निघाले. गाडीच्या मागे अखंड बंडल बांधल्याशिवाय ते कधी निघत नसत, तसं बांधलं, वरून प्लास्टिक घातलं. मला कळलं होतं. ताईंनी ‘येते अन् जाते’ म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं की सांध्यात पाणी गेलंय. काका गाडीला किक मारत होते तेव्हा मी दारात उभी होते. भाऊ माझ्या मागे उभे होते. मी म्हणाले, सांभाळून जा.

साडेदहाला फोन आला. दुकानातला विजेचा अडॅप्टर बदलला, फरक नाही. वर जातो. मग ताईंचा फोन. “बाई, ते म्हातारं टाकीवर चढलं. शिडी नुसती शेवाळानं भरली. माह्यानं पाह्यवत नाई.” अर्ध्या तासाने काकांचा. पेटी बदलली, खाली आलो, तरी तेच. अँटेनाची आखूड तार बदलून पाहतो. पुन्हा वर. मी टेबलावर हात ठेवून बसले होते, समोर भाऊ बसले होते. एकदा मी धीर करून काकांना फोन लावला. त्यांनी उचलला. मागे पाऊस नुसता कोसळत होता. मी विचारलं, “काका, काही खाल्लं का?” काका म्हणाले, “खाईन मंग.” इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तरी मी बोलले नाही.

बाराच्या सुमारास पुन्हा त्यांचा फोन. आवाज थकलेला. “आता एकच राह्यलं. खांब वाढवून पाह्यतो. तार तं एकच आहे, तिचा दोष नाई. पानं जास्त आली असतीन औंदा. माहंच मोजणं चुकलं असन.”

ते मला ऐकवलं नाही. चाळीस वर्षं झाडाकडे पाहून पानं धरणारा माणूस, माझ्या दोन शब्दांपायी स्वतःच्या नजरेवर शंका घेत होता. माझ्या अक्षरावर नाही, स्वतःच्या नजरेवर. मी उभी राहिले आणि भाऊंच्या तोंडासमोर म्हणाले, “काका, खांब वाढवू नका. तारेत सांधा आहे. पाइपाच्या आत. मी लपवला होता.”

 मग काकांनी विचारलं,

“किती मीटरवर?”

“वरून पस्तीस.”

“बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

नवी तार टाकायची तर वरच्या टोकाला पुन्हा चढणं आलंच. तिसऱ्यांदा चढले ते. सकाळी दारात बोलले असते तर एकदाच चढावं लागलं असतं, हा हिशेब मी अजून करते. ताईंनी पुढे सांगितलं, काकांनी आधी बंडल सोडलं, भर पावसात दुकानाच्या दारात उभं राहून डोळे मिटले आणि सगळी साठ मीटर तार मुठीतून काढली. लोक ओरडत होते, म्हातारे, आटप. त्यांनी डोळे उघडले नाहीत. दोनला लाइन चालू झाली ती त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एकदाही गेली नाही. ताईंनी दाराशी आलेला एकूण एक अर्ज भरला.

संध्याकाळी काका आले. ओठ निळे, बोटांची कातडी पांढरी झालेली. भाऊ माझ्यावर दुपारपासून तापलेले होते, उद्यापासून येऊ नको म्हणून झालं होतं. ते काकांना म्हणाले, “ऐकलं ना, हिनं काय केलं ते?”

काकांनी दुपट्टा पिळून खिडकीला टांगला. “फेरी माही पडली भाऊ, चूकही माहीच. तार हातातून काढाले पाह्यजे होती, मी कागद वाचला. कागद वाचून कोणी तार पास करते का? अन् पोरगी येईन उद्या. फोन कोण उचलन, तुम्ही?”

 काका मला एक शब्द बोलले नाहीत. चहा बशीत ओतून प्यायले, दोनदा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं, तेवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. तीच थट्टा, तेच ‘टिकते का’. बदल एकच झाला. मी चिठ्ठी लिहून दिली की काका ती वाचायचे नाहीत. घडी करून खिशात ठेवायचे आणि त्या गावाला जाऊन तार मुठीतून काढून यायचे. रागाने नाही. देवळीकडचं काम असो की गल्लीतलं, माझी चिठ्ठी म्हणजे काकांची एक फेरी. किती वर्षं चाललं हे. मी मग त्यांच्यामागून छतावर जायला लागले. पंजाबी ड्रेसवर कमरेला दोर बांधून. झोळ द्यायला शिकले, बादली ओतायला शिकले, बायांच्या किंकाळ्या जवळून ऐकल्या. तार मुठीतून काढायला शिकले. माझी मूठ शहाणी व्हायला फार दिवस लागले. पहिल्या वर्षी तर मी उंदराने कुरतडलेली तार पास केली होती, काकांनी माझं बोट धरून त्या जागेवर टेकवलं आणि म्हणाले, “हळू. ते सांगते, तू ऐकत नाई.”

गुडघे बोलायला लागले तेव्हा काकांनी काम सोडलं आणि सिंदीला मुलाकडे राहायला गेले. जाताना रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. ते गेल्यावर मी पहिलं ते पान काढलं. अख्ख्या रजिस्टरात ‘दुसरी फेरी’पुढे रेघ नसलेलं ते एकच पान. त्यांनी लिहिलं होतं, ‘एक. कारण, तार हातातून काढली नाही.’ बास. माझं नाव नाही, चिठ्ठीचं नाही, कशाचंच नाही. वर ‘सांधा’पुढची ती रेघ तशीच, माझ्या शब्दावर मारलेली. मी पेन घेतलं आणि त्या रेघेखाली लिहिलं, ‘सांधा होता. पस्तीस मीटरवर. मी खोटं लिहिलं.’ आणि सही केली. मग मागच्या खोलीत जाऊन तारांच्या बंडलांमध्ये बसून पोटभर रडले.

परवा काका आर्वीत एका लग्नाला आले होते, तिथून ऑफिसात आले. आता दोन्ही हातांनी काठी धरून चालतात. भाऊ त्यांना खुर्ची द्यायला उठले. चहा झाला. काकांनी रजिस्टर मागितलं आणि नवीन पानं सोडून मागे मागे गेले, त्या पानावर थांबले. चष्मा काढून बाजूला ठेवला. बोट त्या ओळीवर ठेवून अगदी सावकाश पुढे सरकवत शेवटपर्यंत नेलं.

“हे कवा लिहिलं?”

“तुम्ही गेलात त्याच दिवशी.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. टेबलावर माझी ताजी चिठ्ठी पडलेली होती, सकाळीच एका गावाहून परतले होते मी. ‘एकच तार, सांधा नाही.’ काकांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली. घडी घालतील म्हणून मी हातांकडे पाहत होते. मी म्हणाले, “गाडी काढू का, काका? जवळच आहे. हात फिरवून घ्या एकदा.”

“तुह्या हातचं अक्षर होय ना?”

“हो.”

त्यांनी चिठ्ठी तशीच उघडी टेबलावर ठेवली आणि काठी शोधायला लागले.

“मंग चालते,” काका म्हणाले.